पश्चिमेच्या खिडक्या

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

आईच्या खोलीतल्या पश्चिमेच्या खिडकीची डावी झडप आज उघडताना खाली लोंबली. बिजागऱ्या शाबूत, चौकटही शाबूत. पण झडपेची खालची आडवी पट्टी आतून पोकळ झाली आहे. सुरीचं टोक लावलं तर ते सहज आत शिरलं. वरचा रंग मात्र धड दिसतो. उभ्या दांड्याचं कापलेलं टोक तळाशी येतं, तिथून लाकूड पाणी ओढून घेतं, आणि सांध्यात शिरलेल्या पाण्याला सुकायला वाव मिळत नाही. म्हणून कुजायला सुरुवात तिथूनच होते. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात, आणि आमच्या पश्चिमेच्या भिंतीवर तो समुद्रावरून आडवा येतो.

पावसाआधी या बाजूच्या सगळ्या झडपा नव्या करायच्या असं ठरलं. घर चिरेबंदी आहे, चौकटी आणि गज आजोबांनी बसवलेले. ते काढायचे नाहीत. कंपन्यांना फोन करण्याआधी आपल्याला काय हवं ते वहीत लिहिलं. पाऊस बाहेर राहावा. वारा आत यावा. दुपारचं ऊन अडावं. आणि आईला कुणाला हाक न मारता खिडकी उघडता-मिटता यावी. शेवटची अट आईने स्वतः घातली: "अगो, पावसाळ्याचे चार महिने मला अंधारात बसवू नकोस."

९ फेब्रुवारी, रविवार

आज स्वतः मापं घेतली. रुंदी वर, मध्ये आणि खाली. उंची डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे. मग दोन्ही कर्ण. कर्ण सारखे भरले तर चौकट गुण्यात आहे असं समजायचं. दिवाणखान्याच्या खिडकीचे कर्ण सारखे आले, आईच्या खोलीतल्या खिडकीच्या कर्णांत १३ मिलिमीटरचा फरक निघाला. ओळंबा सोडला तेव्हा कळलं की डावी बाजू वरून खाली येताना आत झुकली आहे. जुन्या चिऱ्याच्या घरात हे असायचंच. पण काटकोनात बनवलेली नवी झडप या चौकटीत बसवली तर एका कोपऱ्यात फट राहणार आणि दुसऱ्या कोपऱ्यात ती घासणार. तेव्हा येणारा माणूस मापं कशी घेतो, हीच त्याची पहिली परीक्षा.

वाऱ्याचाही हिशेब करून पाहिला. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० किलोमीटरच्या घरात होता. तेवढ्या वाऱ्यात चार फूट बाय पाच फूट खिडकीवर सुमारे शंभर किलोचं ओझं पडतं, आणि ते सतत नाही, धक्क्याधक्क्याने. हे सगळं ओझं अखेर बिजागऱ्यांच्या आणि कड्यांच्या स्क्रूंवर येतं. कंपन्या नमुना दाखवतात तेव्हा काच, रंग आणि हँडल दाखवतात. मला स्क्रू पाहायचे आहेत.

१५ फेब्रुवारी, शनिवार

कोल्हापूरच्या एका कंपनीचा माणूस अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीचा नमुना घेऊन आला. पावडर कोटिंग केलेला, गडद तपकिरी, हाताला गुळगुळीत. नमुना खरोखर देखणा होता.

पण सरकती खिडकी एका वेळी निम्मीच उघडते. एक पल्ला दुसऱ्याच्या मागे जातो एवढंच. पश्चिमेचा वारा आईचा जीव आहे, तो निम्मा करायचा कशासाठी? दुसरं म्हणजे खालच्या ट्रॅकमध्ये पाणी साठतं. ते बाहेर जाण्यासाठी भोकं ठेवलेली असतात, ती वाळूने आणि पाचोळ्याने बुजली की पाणी आतल्या बाजूला वाहतं. समुद्राकाठी ती वरचेवर साफ करावी लागतात, आणि ते काम वाकून करायचं असतं.

त्याने टेप लावला तो प्रत्येक खिडकीला एकदाच, मधोमध. मी कर्णांतला फरक सांगितला तर म्हणाला, "मॅडम, फट राहिली तर सिलिकॉनने भरून देऊ." सिलिकॉन सांधा बंद करण्यासाठी असतं, चुकीच्या मापाची भरपाई करण्यासाठी नव्हे. बोट जाईल एवढ्या फटीत भरलेलं सिलिकॉन उन्हापावसात एका कडेने सुटतं, आणि मग पाणी त्याच्या मागे अडकून राहतं. जाताना त्याने आजच्या आज पक्कं केलं तर सूट देतो असं सांगितलं. दरपत्रक लिहून पाठवा, एवढंच मी म्हटलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज यूपीव्हीसीवाले. ही मुलगी चांगली तयारीची होती. तिने कोपऱ्याचा कापलेला तुकडाच सोबत आणला होता, म्हणून आतले कप्पे, रबराचं गॅस्केट आणि मधली लोखंडी पट्टी दिसली. यूपीव्हीसीला खारी हवा काही करत नाही, त्याला वाळवी लागत नाही, रंग द्यावा लागत नाही, कोपरे वितळवून जोडलेले असल्याने सांध्यातून पाणी शिरत नाही. मात्र प्लास्टिक एकटं ताठ राहत नाही. मोठ्या पल्ल्याला ताठपणा देते ती आतली जस्ताचा मुलामा दिलेली पट्टी. काही ठिकाणी खर्च वाचवायला ती पट्टी आखूड घालतात किंवा घालतच नाहीत, आणि दोन-तीन उन्हाळ्यांत पल्ला वाकतो. शिवाय हे प्लास्टिक उन्हात लाकडापेक्षा किती तरी जास्त फुगतं. दीड मीटरच्या तुकड्यात २० अंशांच्या फरकाने साधारण दोन मिलिमीटर. बसवणाऱ्याने तेवढी मोकळीक ठेवली नाही तर दुपारी खिडकी अडकते.

हे मी विचारण्याआधी तिनेच सांगितलं, म्हणून तिच्याबद्दल विश्वास वाटला. स्वयंपाकघराची खिडकी यूपीव्हीसीची करायला हरकत नाही. पश्चिमेला मात्र बाहेरून ऊन अडवणारं काहीतरी हवं. काचेतून ऊन आत आलं की मग आतून कितीही जाड पडदा लावा, खोली तापतेच. ऊन काचेच्या बाहेरच थोपवावं लागतं. पावसाळ्यापूर्वी पडवीला नारळाच्या झावळ्यांचे झाप बांधायचे, ते याच बुद्धीने. पाऊस आणि ऊन भिंतीला लागण्याआधी अडायचं, आणि वारा झापांतून गाळून आत यायचा.

२ मार्च, रविवार

भाची पुण्याहून आली आहे. तिला घेऊन थिबा राजवाड्यावर गेले, मुद्दाम खिडक्या पाहायला. १९१०मध्ये ब्रह्मदेशाच्या पदच्युत राजासाठी बांधलेला हा राजवाडा. उतरती छपरं, अर्धवर्तुळाकार लाकडी खिडक्या, रंगीत काचा, आणि समोर खाली भाट्याची खाडी.

भाचीला राजा इथे का आला ते सांगितलं. मुंबईत १८६३मध्ये स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ब्रह्मदेशाच्या जंगलातून सागाचे ओंडके काढायची. कागदावर दाखवले त्यापेक्षा जास्त ओंडके कंपनीने नेले, राजाचा महसूल बुडवला, असा निवाडा मंडालेच्या दरबाराने १८८५मध्ये दिला आणि मोठा दंड ठोठावला. इंग्रजांना निमित्तच हवं होतं. त्याच वर्षी युद्ध झालं, राज्य गेलं, आणि थिबा राजाला कुटुंबासह पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. १९१६मध्ये तो इथेच वारला.

सागाच्या मोजणीवरून एका राज्याचा शेवट व्हावा, आणि त्या राजाने उरलेलं आयुष्य परक्या समुद्राकडे उघडणाऱ्या खिडक्यांपाशी काढावं, हे ऐकून ती बराच वेळ गप्प होती. मीही खिडक्यांच्या बिजागऱ्या पाहायच्या सोडून तिथेच उभी राहिले. लाकूड किती, कुठलं, कोणी मोजलं, हा प्रश्न आमच्या चार खिडक्यांपुरताही साधा नाही.

८ मार्च, शनिवार

सुतारकाकांबरोबर लाकडाच्या वखारीत. आमच्या घराची जुनी कामं त्यांच्याच हातची. आता त्यांचा गुडघा साथ देत नाही, म्हणून नवं काम ते घेत नाहीत, पण लाकूड पाहायला आनंदाने आले.

वखारीत साग म्हणून जे मिळतं त्यात जमीन-अस्मानाचं अंतर असतं. अल्लापल्ली-बल्लारशाकडचा साग व्यापारी अजून सीपी साग म्हणतात. त्याचे पट्टे दाट असतात. बाहेरून आयात होणारा बराचसा साग लागवडीतल्या कोवळ्या झाडांचा असतो, त्यात कडेचा पांढरा भाग जास्त. काकांनी एक फळी उलटी करून दाखवली. मध्ये सोनेरी तपकिरी गाभा, कडेला दोन बोटं फिकट पट्टा. "वाळवी कुठे लागते? या पांढऱ्याला. गाभ्याच्या वाटेला ती जात नाही. रंग मारला की दोन्ही सारखंच दिसतं, म्हणून लाकूड रंगाच्या आधी पाहायचं."

सागाचा गाभा टिकतो तो त्यातल्या नैसर्गिक तेलामुळे. पण ओलं लाकूड वापरलं तर सागसुद्धा पीळ मारतो. काका म्हणाले, ओलावा मोजायचं यंत्र ज्याच्याकडे आहे आणि जो ते आपल्यासमोर लाकडावर टेकवतो, त्याच्याकडे काम द्यावं. झडपेसाठी १२ टक्क्यांच्या आसपास ओलावा चांगला. कोकणात थोडा जास्त चालतो, कारण इथली हवा लाकडाला फार कोरडं राहूच देत नाही.

फणसाचं लाकूड घ्यावं का, असंही मी विचारलं. त्याला वाळवी सहसा लागत नाही, आणि आपल्याकडे जुन्या घरांत ते भरपूर वापरलेलं आहे. काकांचं म्हणणं, चौकटीला आणि फळ्यांना फणस उत्तम, पण बारीक तिरप्या पट्ट्यांना साग बरा. तो ऋतू बदलला तरी कमी हलतो.

१६ मार्च, रविवार

शिमगा. पालखी घरी येऊन गेली. आईने खुर्चीतूनच ओटी भरली. सगळे कारागीर आपापल्या गावी पालखीला खांदा द्यायला गेले आहेत, कुणालाही फोन केलेला नाही. कोकणात कामाची तारीख ठरवताना शिमगा आणि गणपती सोडून दिवस मोजावेत. ज्या कंपनीच्या वेळापत्रकात हे सण धरलेले नाहीत, तिची माणसं इथली नाहीत हे समजून घ्यावं.

२३ मार्च, रविवार

आजचा दिवस सगळ्यात उपयोगी पडला. प्रत्येक कंपनीकडे मी एकच मागणं केलं होतं: समुद्रापासून हाकेच्या अंतरावर तुम्ही बसवलेल्या आणि किमान तीन पावसाळे पाहिलेल्या खिडक्या दाखवा. नव्या कामाचे फोटो नकोत. एका कंपनीने पत्ते दिलेच नाहीत. बाकीच्यांनी दिलेली घरं पाहत पावस गावापर्यंत गेलो.

अॅल्युमिनियमच्या एका घरी पावडर कोटिंगला फोड आलेले दिसले, आणि फोडांखाली पांढरी भुकटी. ते फोड सगळीकडे नव्हते. जिथे बसवताना भोक पाडलं होतं आणि जिथे तुकडा कापला होता तिथेच होते. कारखान्यातला लेप ठीक असतो, तो मोडतो जागेवर बसवताना, आणि त्या उघड्या कडेतून मीठ शिरतं. स्क्रू स्टीलचे असं सांगितलेले, पण तांबारलेले. स्टेनलेस म्हणून विकलं जाणारं सगळं स्टील एका जातीचं नसतं. २०२ स्वस्त, समुद्राजवळ लवकर डागाळतं. ३०४ त्याहून बरं. ३१६मध्ये मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे मिठाच्या हवेत ते सगळ्यात जास्त टिकतं. एका खिडकीच्या सगळ्या स्क्रूंचा फरक पूर्ण खर्चात किरकोळ असतो, आणि खिडकी पडते ती त्या स्क्रूंमुळेच.

मग मिरजोळे एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्याने २०२१मध्ये बसवलेल्या सागवानी झडपा पाहिल्या. त्या वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं, त्यात या घराच्या जुन्या खिडक्या उडाल्या होत्या, म्हणून नव्या केलेल्या. तिरप्या पट्ट्यांच्या, बाहेर उघडणाऱ्या. रंग उन्हाने फिका झालेला, पण खालची पट्टी घट्ट. मी बोट फिरवून पाहिलं: तळाच्या कडेला पाणी तुटावं म्हणून खाच कोरलेली होती, आणि कापलेलं टोकही रंगाने बंद केलेलं. जिथे कुणी पाहत नाही तिथे काम नीट होतं.

घरातल्या काकूंना मी विचारलं, "बोलावलं की येतात का हो?"

त्या म्हणाल्या, "पहिल्या जुलैत एक झडप फुगून बसली होती. फोन केला, तर दोन दिवसांनी मुलगा रंधा घेऊन आला. पैसे घेतले नाहीत. नंतर दर मेमध्ये स्वतःच फोन करतात, काही घट्ट-सैल झालंय का म्हणून."

माझ्यासाठी निवड तिथेच जवळपास झाली. नमुन्यातली खिडकी सगळेच चांगली बनवतात. तीन पावसाळ्यांनंतरची खिडकी आणि जुलैतला फोन, यांवरून कंपनी कळते.

३० मार्च, रविवार

गुढी सकाळी उभारली. दुपारी सगळी दरपत्रकं जेवणाच्या टेबलावर मांडून बसले. भाऊ फोनवर होता.

दर चौरस फुटाला लिहिलेला असतो, आणि नुसता दर पाहिला तर फसगत होते. एकाने ३ फूट १० इंच बाय ४ फूट ९ इंच खिडकी सरळ चार बाय पाच धरली आहे. खरं क्षेत्रफळ १८.२ चौरस फूट, लावलेलं २०; दर कमी दिसतो, पण इथेच जवळपास दहा टक्के वाढले. हा धंद्यातला रिवाज आहे, फक्त तो आधी कळायला हवा. मग मी एका कागदावर उभे रकाने आखले: मोजणी कशी धरली, जुन्या झडपा काढणं धरलंय का, परांची कुणाची, वाहतूक, काचेची जाडी, मच्छरची जाळी, बिजागऱ्या-कड्या कुठल्या धातूच्या, जीएसटी धरून की वेगळा. हे सगळं भरल्यावर सर्वांत स्वस्त दिसणारं दरपत्रक मधल्या जागेवर आलं.

एकाने बिलाशिवाय काम केलं तर १८ टक्के वाचतील असं सुचवलं. भावाला आधी ते बरं वाटलं. मी त्याला म्हटलं, दादा, बिल नसेल तर पुढच्या वर्षी झडप गळायला लागली की आपण काय दाखवणार? २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही, १९१५ या क्रमांकावर आधी सल्ला मिळतो. पण या सगळ्याचा पाया म्हणजे बिल आणि लेखी करार. त्याला पटलं.

३ एप्रिल, गुरुवार

मिरजोळ्याच्या कारखान्यातले दोघे भाऊ आज आले. मोठ्याने मापं घेतली, रुंदी तीन जागी, उंची तीन जागी, कर्ण, पाणसळ, ओळंबा. आईच्या खिडकीपाशी येऊन म्हणाला, "ही गुण्यात नाही. झडप या चौकटीवरच जुळवून करावी लागेल, कारखान्यात नाही."

मग धाकट्याने जे केलं त्याने आम्ही सगळेच हेलावलो. त्याने आईला विचारलं, "आजी, तुम्ही खिडकीशी कुठे बसता?" आईने खुर्ची दाखवली. त्याने तिला तिथे बसायला सांगितलं आणि गजांतून हात बाहेर काढायला लावला. तिचा हात कुठवर पोचतो, मूठ कितपत वळते, हे पाहून त्याने चौकटीवर पेन्सिलीने खुणा केल्या. झडपेचा आकडा त्या उंचीवर येणार. पट्ट्या तिरप्या करायची दांडी आतल्या बाजूला, तीही बोटांनी ढकलता येईल अशी. आई म्हणाली, "रात्री मतलई वारा सुटला की मला थोडीच उघडी हवी असते." त्याने तेही लिहून घेतलं: अर्धवट उघडी अडकवायला दुसरा आकडा.

करार आजच केला. गाभ्याचंच लाकूड, पांढरा भाग चालणार नाही. ओलावा आमच्यासमोर मोजायचा. स्क्रू ३१६चे, बिजागऱ्या पितळी, पाच फुटांच्या पल्ल्याला तीन. वादळासाठी आतून घालायचा सागवानी अडसर. तळाला पाणतोडीची खाच. १० मेपर्यंत काम पुरं. पहिल्या पावसाळ्यात लाकूड फुगलं तर रंधा मारून देणं त्यांच्याकडे. पैसे तीन टप्प्यांत, आणि शेवटचा दहावा हिस्सा पाऊस सुरू होऊन महिना झाल्यावर. शेवटच्या अटीवर थोरला भाऊ जरा थांबला, मग म्हणाला, "चालेल. पाऊस काय सांगतो ते आम्हालाही कळलं पाहिजे."

१२ एप्रिल, शनिवार

कारखान्यात जाऊन आले. यंत्र फळीवर टेकवून त्याने आकडा दाखवला, १३. पट्ट्या रंधून ठेवल्या होत्या. प्रत्येक पट्टीला जोडण्याआधीच सगळ्या बाजूंनी पहिला हात दिला होता. जोडून झाल्यावर रंग दिला तर खाचेत गेलेली टोकं कोरडीच राहतात, आणि कुजायला वाट मिळते. उभ्या दांड्यांची टोकं दोनदा बुडवून काढली होती.

पट्ट्यांचा तिरपेपणा आणि अंतर यावर बराच वेळ बोललो. वरच्या पट्टीची बाहेरची खालची कड आणि खालच्या पट्टीची आतली वरची कड यांनी एकमेकींना झाकलं पाहिजे, म्हणजे समोरून आलेला थेंब सरळ आत येऊ शकत नाही. पट्ट्या फार जवळ घेतल्या तर वारा आणि उजेड कमी होतो. आईची अंधाराची अट आठवून आम्ही अंतर थोडं वाढवलं आणि पट्टी तेवढीच रुंद केली.

६ मे, मंगळवार

बसवण्याचं काम चालू आहे. आईच्या खिडकीची झडप ओट्यावर ठेवून, चौकटीला लावून, रंध्याने हळूहळू उतरवली. झडप आणि चौकट यांत सगळीकडे तीन मिलिमीटर मोकळीक ठेवली आहे. आज उन्हात ती जास्त वाटते, जुलैत लाकूड ती भरून काढेल.

अडसराच्या बैठकी चिऱ्यात बसवताना त्यांनी भोकं धक्का न देता सावकाश पाडली. जांभा मऊ आणि सच्छिद्र. त्यात आखूड खिळी धरत नाही, जोराने पाडलेलं भोक भुगा होऊन मोठं होतं. लांब अँकर, आणि भोकातला भुगा फुंकून काढूनच आत घातलेले.

संध्याकाळी पाण्याची परीक्षा. नळीने पाणी मारताना खालून सुरुवात केली आणि टप्प्याटप्प्याने वर गेले. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि कुठून शिरलं ते कळत नाही. दिवाणखान्यात एका जागी ओल आली. तिथली पट्टी काढून पुन्हा बसवली, पुन्हा पाणी मारलं, मग कोरडं राहिलं.

२४ मे, शनिवार

यंदा पावसाने कुणाला सवड दिली नाही. अरबी समुद्रातला कमी दाबाचा पट्टा तीव्र होऊन आज रत्नागिरीजवळच किनाऱ्याला लागला. सकाळपासून वारा आणि पाऊस दोन्ही. भाताच्या पेरणीआधीची कामं सगळ्यांचीच अर्धवट आहेत. वाडीत झाप बांधायचे राहिलेत, लाकडं भिजली, आंब्याचा शेवटचा माल गेला. खिडक्यांचं काम आधी झालं हे आमचं भाग्य, कारण १० मे ही तारीख आम्ही जूनचा पाऊस धरून ठरवली होती.

दुपारी अडसर घातले. झडपा थरथरल्या, पण एकीनेही चौकट सोडली नाही. पट्ट्या मिटल्यावरही खोलीत एवढा उजेड होता की आई पोथी वाचत बसली. तिच्या खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून मात्र भिंतीवर पाण्याची रेघ उतरली.

२८ मे, बुधवार

मान्सून २५ तारखेला तळकोकणात आणि दुसऱ्या दिवशी मुंबईत पोचल्याचं हवामान खात्याने सांगितलं. मुंबईत इतक्या लवकर तो आजवर आल्याची नोंद नाही. फोन केला होता, त्याप्रमाणे आज पाऊस थोडा ओसरल्यावर कारखान्यातला धाकटा भाऊ आला. झडपेत काही नाही. पाणी चौकटीवरच्या गिलाव्याच्या भेगेतून येत होतं. ते काम त्याचं नव्हतं. तरी भेग मोकळी करून, तात्पुरती भरून, वरून पत्र्याची छोटी पन्हळ लावून गेला, आणि उघडीप मिळाली की गवंडी कोणता बोलवावा तेही सांगितलं.

२९ जून, रविवार

पावसाला महिना झाला. राहिलेली रक्कम आज दिली, बिलावर पोच घेतली. दिवाणखान्यातली एक झडप जरा जड चालते आहे. ते लोक पुढच्या आठवड्यात रंधा घेऊन येतील. पावसाळ्यानंतर करायची कामं वहीत लिहिली: झडपांवरचं मीठ गोड्या पाण्याने धुणं, बिजागऱ्यांना तेल, सगळे स्क्रू एकदा हाताने तपासणं, तळाची खाच रंगाने बुजली नाही ना ते पाहणं, आणि दर दुसऱ्या वर्षी बाहेरच्या बाजूला एक हात.

खालच्या आळीतल्या वहिनी सकाळी येऊन झडपा पाहून गेल्या आणि कारखान्याचा नंबर मागू लागल्या. नंबर दिला. पण त्याबरोबर प्रश्नही लिहून दिले, कारण त्यांचं घर वेगळं, भिंत वेगळी, आणि उद्या हाच कारखाना दुसऱ्याच माणसाला मापाला पाठवील. तीन पावसाळे झालेलं तुमचं काम कुठे पाहू? मापं कोण घेणार आणि बसवायला तोच येणार का? कापलेली टोकं आणि पाडलेली भोकं कशाने बंद करता? स्क्रू कुठल्या जातीचे, हे बिलावर लिहून द्याल का? फुगलेली झडप जुलैत येऊन कोण उतरवेल? आणि घरात रोज ती खिडकी जे उघडतात-मिटतात, त्यांचा हात कुठवर पोचतो हे पाहाल का? शेवटचा प्रश्न त्यांच्या सासूबाईंसाठी आहे, म्हणून तो सगळ्यात आधी विचारा, असं मी वहिनींना सांगितलं.